बर्फावरची वेधशाळा

विजयदुर्ग किल्ल्यांत गेलेल्या प्रवाशास तेथील मंडळी कांहीं दगडी ओटे मोठ्या अभिमानानें दाखवितात. 'साहेबाचे ओटे' हें त्यांचें नांव. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं लागलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं नॉर्मन लॉकियर नांवाच्या इंग्रज ज्योतिर्विदानें या ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या आणि सूर्यावरील हेलियम वायूचा शोध लाविला, अशी कथा तेथें सांगतात. आम्ही तेथें गेलों तेव्हां ती आम्हांसहि ऐकावयास मिळाली. सांगणारे गृहस्थ इतके रंगून गेले होते कीं, त्यांच्या बोलण्यांत खो घालावा असें आम्हांस वाटलें नाहीं. परंतु घरीं परतल्यावर इतिहासाचा हिशेब चुकता करणें भागच आहे. ग्रहणाच्या त्या दिवशीं लॉकियर इंग्लंडांत होता. खग्रास छायेचा पट्टा कोंकणावरून जमखंडीकडे व तेथून पूर्व किनाऱ्याकडे गेला. आणि त्या पट्ट्यांत गुंटूर येथें यंत्रें मांडून बसलेला जो ज्योतिर्विद त्या दिवशीं कीर्तीस चढला, तो फ्रेंच होता. त्याचें नांव ज्यूल जान्सेन.

सूर्याच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला ग्रहणांत दिसतात, त्यांच्या वर्णपटांतील रेषा जान्सेनला इतक्या तेजस्वी दिसल्या कीं, या रेषा पाहावयास ग्रहणाची गरजच नाहीं, असा विचार त्याच्या मनांत चमकून गेला. दुसऱ्याच दिवशीं भर उन्हांत त्यानें त्या पुन्हां पाहिल्या. लॉकियरनें तीच युक्ति स्वतंत्रपणें २० ऑक्टोबर १८६८ रोजीं इंग्लंडांत साधली. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपुढें एकाच दिवशीं आलीं, आणि पुढें फ्रेंच सरकारनें दोघांच्याहि मुखाकृति कोरलेलें पदक काढलें. म्हणजे विजयदुर्गच्या कथेंतील नांव अगदींच परकें नाहीं. जोडीतील एकाचें नांव राहिलें आणि दुसऱ्याचें गळालें, एवढेंच.

तथापि ग्रहण हा आजचा आमचा विषय नव्हे. गुंटूरच्या त्या दिवसानंतर पंचवीस वर्षांनीं, १८९३ सालीं, याच जान्सेननें अशा जागीं एक वेधशाळा उभारली कीं, जेथें पाया घालावयास जमीनच नव्हती. सोळा वर्षांत ती वेधशाळा नष्ट झाली, आणि 'वृद्धापकाळचा हट्ट' म्हणून त्या प्रयत्नाची वासलात लावणें सोपें झालें. आम्हांस हा निकाल न्याय्य वाटत नाहीं. त्या इमारतींत काय चुकलें आणि काय बरोबर होतें, हें नीट निवडून पाहिल्यास जागेच्या अडचणीवर मात कशी करावी याविषयीं बराच बोध होण्याजोगा आहे; आणि तो बोध आपल्या देशाच्याहि उपयोगीं पडलेला आहे.

जान्सेन १८२४ सालीं पॅरिस येथें जन्मला. लहानपणींच्या अपघातामुळें तो आयुष्यभर लंगडत चाले. असा मनुष्य आपल्या खोलींत बसून गणित करील, अशी कोणाचीहि अपेक्षा. परंतु याच्या पायाला जणूं भिंगरी बांधलेली होती. १८७० सालीं प्रशियन सैन्यानें पॅरिसला वेढा घातला असतां अल्जीरियांतून दिसणारें ग्रहण चुकूं नये म्हणून तो २ डिसेंबर रोजीं विमान नव्हे, साध्या वायूच्या फुग्यांत बसून शत्रूच्या डोक्यावरून निसटला. ओरान येथें तो वेळेवर पोहोंचला. पण ग्रहणाच्या दिवशीं आभाळ भरून आलें! पुढें पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथें सूर्याच्या अभ्यासासाठीं वेधशाळा निघाली आणि तिचें आधिपत्य त्याजकडे आलें.

म्यूदाँ येथें त्याच्या मनानें एक प्रश्न घेतला. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत प्राणवायूचे काळे पट्टे दिसतात. हे पट्टे सूर्यांतील प्राणवायूमुळें उमटतात, कीं तो प्रकाश आपल्यापर्यंत येतांना पृथ्वीच्या वातावरणांतील प्राणवायूंतून गाळून येतो म्हणून? १८८९ सालीं आयफेल मनोरा नुकताच उभा राहिला होता. त्यावरील विजेच्या दिव्याचा प्रकाश जान्सेननें सुमारें पावणेआठ किलोमीटरांवरून, म्यूदाँहून, तपासला. त्या दिव्यांत सूर्याचा कांहींएक संबंध नसतां प्राणवायूचे पट्टे त्यांतहि उमटले. आतां उलट बाजूनें खात्री करावयाची राहिली. जसजसें उंच जावें तसतशी डोक्यावरील हवा कमी होते. त्या मानानें पट्टेहि फिके होत गेले पाहिजेत. यासाठीं जितकें उंच जातां येईल तितकें जाणें हाच मार्ग होता, आणि पश्चिम युरोपांत सर्वांत उंच जागा म्हणजे माँ ब्लाँ या पर्वताचा माथा. त्याची उंची सुमारें ४,८०० मीटर, म्हणजे पावणेसोळा हजार फूट.

१८९० च्या ऑगस्ट महिन्यांत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, जान्सेन त्या माथ्यावर गेला. चालत जाणें शक्यच नव्हतें. वाटाड्यांनीं त्याला बर्फावरून ओढावयाच्या घसरगाडींत बसविलें आणि दोरांनीं ओढून वर नेलें. प्राणवायूचे पट्टे अपेक्षेप्रमाणें फिके झालेले दिसले. ते पृथ्वीच्याच हवेचे आहेत, हें त्याचें म्हणणें आजहि खरें धरतात. सूर्यावर प्राणवायु आहे, पण तो निराळ्या रेषांवरून ओळखतां येतो, ही गोष्ट पुढें दुसऱ्यांनीं दाखविली. या प्रवासांत आणखी एक गोष्ट जान्सेनच्या लक्षांत आली. वर गेलेल्या बहुतेकांची बुद्धि थकव्यानें मंद होते. त्याला स्वतःस मात्र, शरीराला श्रम न पडल्यामुळें, माथ्यावरहि नीट विचार करतां आला. मग तेथें चार घटकांसाठीं जाऊन परत यावयाचें कशासाठीं? तेथें राहून काम करतां येईल अशी कायमची वेधशाळाच कां नसावी? खालीं उतरतांच त्यानें ही सूचना विज्ञान-परिषदेपुढें मांडली.

आतां त्या जागेकडे स्थापत्यशास्त्रज्ञाच्या दृष्टीनें पाहूं. शहरांत अडचणीची जागा म्हटली म्हणजे एका बाजूस शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूस रस्ता आणि डोक्यावर नगरपालिकेचे नियम, इतकेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. येथें शेजारी नव्हता आणि नियमहि नव्हते. परंतु अडचणी मात्र साऱ्या एकाच ठिकाणीं गोळा झालेल्या होत्या. माथा म्हणजे बर्फाची एक लांबट, अरुंद पाठ. बर्फ किती खोल आहे तें कोणास ठाऊक नव्हतें. आणि बर्फ म्हणजे कांहीं स्वस्थ बसणारा पदार्थ नव्हे, तो आपल्या वजनानें हळूहळू सरकत असतो. वाऱ्याचे झोत असे कीं, उभा मनुष्य आडवा व्हावा. काम करावयास उन्हाळ्याचे थोडे आठवडे, आणि त्यांतूनहि वादळाचे दिवस वजा जावयाचे. गाडीरस्ता नाहीं, खेंचर वरपर्यंत जात नाहीं. प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा माणसाच्या पाठीवरून न्यावयाचा, आणि तोहि अशा विरळ हवेंत कीं, रिकाम्या हातानें चालणाराचाहि ऊर फुटावा.

साहजिकच पहिला विचार खडकाचा झाला. प्रसिद्ध आयफेल यानें काम अंगावर घेण्याचें कबूल केलें, पण एका अटीवर: बर्फाच्या माथ्याखालीं बारा मीटरांच्या आंत खडक लागला पाहिजे. या शोधासाठीं १८९१ सालीं इम्फेल्ड नांवाच्या निष्णात स्विस मोजणीदाराची योजना झाली. त्यानें माथ्याखालीं सुमारें बारा मीटरांवर, वीस मीटरांहून अधिक लांबीचे आडवे बोगदे खणविले. खडक लागला नाहीं. पुढच्या काळांत झालेल्या मोजणीवरून असें दिसतें कीं, खडकाचें खरें शिखर सुमारें ४,७९२ मीटर उंचीवर, आणि तेंहि बर्फाच्या माथ्याच्या सरळ खालीं नसून सुमारें चाळीस मीटर पश्चिमेस आहे. म्हणजे आजच्या मापानें पाहतां, ते बोगदे आणखी लांब नेले असते तरी खडकाच्या वरूनच निघून गेले असते!

या शोधापायीं एक मनुष्य बळी पडला, त्याचें स्मरण येथें केलें पाहिजे. इम्फेल्डच्या तुकडीबरोबर शामोनी गांवचा झाकोते नांवाचा एक तरुण डॉक्टर वर राहिला होता. माथ्याखालच्या एका झोपडीवजा आश्रयस्थानांत २ सप्टेंबर १८९१ रोजीं त्याला मृत्यु आला. शवपरीक्षेंत त्याचीं फुप्फुसें पाण्यानें भरलेलीं आढळलीं. उंचीवरील विरळ हवेनें होणाऱ्या या विकाराचें अशा प्रकारें नोंदलें गेलेलें हें पहिलें उदाहरण होय, असें वैद्यकाच्या इतिहासांत मानतात. वेधशाळेचा पहिला दगड बसावयाच्या आधींच (आणि दगड बसावयास जागा नाहींच असें ठरत असतांच) त्या जागेनें विज्ञानास एक नोंद दिली. पण तिची किंमत फार मोठी घेतली.

आयफेलनें अटीप्रमाणें हात काढून घेतला. येथें बहुतेक माणसें थांबलीं असतीं. जान्सेननें मात्र प्रश्नच फिरविला. खडक मिळत नसेल तर बर्फावरच इमारत उभी राहील काय? हा प्रश्न त्यानें तर्कावर सोडला नाहीं. म्यूदाँ येथें हिवाळ्यांत बर्फाचा एक मजलाभर उंच ढीग रचून तो थराथरानें चोपून घट्ट केला. त्यावर ३५ सेंटिमीटर व्यासाच्या, प्रत्येकीं ३० किलोग्रॅम वजनाच्या शिशाच्या चकत्या एकावर एक ठेवल्या. अशा बारा चकत्यांचा, म्हणजे ३६० किलोग्रॅम वजनाचा, स्तंभ त्या बर्फांत किती रुतला? अवघा सात-आठ मिलिमीटर. ताजें भुरभुरीत हिम आणि चोपून बसलेला बर्फ यांत केवढें अंतर आहे, हें या साध्या प्रयोगानें डोळ्यांपुढें आलें. शिवाय १८९१ च्या हंगामाच्या अखेरीस त्यानें माथ्यावर एक चिमुकली लांकडी खोली ठेवून दिली आणि हिवाळा जाऊं दिला. पुढल्या वर्षीं ती आपल्या जागीं उभी होती.

आतां इमारतीची रचना पाहा. आराखडा व्होद्रमेर या नामांकित वास्तुशिल्पज्ञाचा. वर निमुळती होत जाणारी, टोक छाटलेल्या पिरॅमिडच्या आकाराची, दोन मजली लांकडी इमारत. बुडाशीं लांबी दहा मीटर, रुंदी पांच मीटर. उतरत्या भिंतींमुळें वाऱ्याला पकड कमी मिळावी आणि भार खालीं राहावा, हा हेतु. खालचा मजला मुद्दाम बर्फांत पुरावयाचा, म्हणजे वादळांत तोच नांगराचें काम करील. दोन मजल्यांस जोडणारा वळणाचा जिना, आणि वर हवामानाच्या यंत्रांसाठीं एक लहानसा मनोरा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. इमारतीच्या बुडाशीं मळसूत्राचे जॅक बसविलेले होते. बर्फ सरकून इमारत एका अंगास कलली, तर त्या बाजूचे जॅक फिरवून ती पुन्हां पातळींत आणावयाची.

आमच्या मतें सबंध योजनेचें मर्म या जॅकांत आहे. आजवर पाया म्हटला म्हणजे अचल, हें समीकरण ठरलेलें होतें. एकदां पाया भक्कम घातला कीं, मालकानें पुढें त्याची आठवणहि करूं नये. जान्सेननें हें समीकरण मोडलें. जमीन हलणारच, तर हलण्याचा हिशेब आराखड्यांतच धरून ठेवावा, आणि स्थैर्य ही एकदां मिळवावयाची वस्तु न समजतां ती रोज संभाळावयाची वस्तु समजावी, असें त्याचें म्हणणें. देवघरांतील समईप्रमाणें त्यांत वरचेवर तेल घातलें पाहिजे.

इमारतीचा सांगाडा प्रथम म्यूदाँ येथें उभा करून पाहिला, मग सुटा करून शामोनीस पाठविला. तेथून शेंकडों ओझीं करून हमाल आणि वाटाडे तो वर नेऊं लागले. १८९२ च्या उन्हाळ्यांत सामान वाटेवरच्या ग्राँ म्यूले आणि रोशे रूज या खडकांवर टप्प्याटप्प्यानें सांठविलें. उभ्या चढणीवर माणसाच्या पाठीचें चालेना, तेथें बर्फांत हातरहाट रोंवून त्यांवरून ओझीं ओढून घेतलीं. पैसा बिशोफ्सहाइम, राजपुत्र रोलाँ बोनापार्त, रॉथ्सचाइल्ड अशा धनिकांनीं पुरविला. पण ज्यांच्या पाठीवरून ती वेधशाळा वर चढली, त्या शामोनीच्या माणसांची नांवें फारशीं कोणास ठाऊक नाहींत. १८९३ च्या सप्टेंबरांत काम पुरें झालें, आणि एकूणसत्तर वर्षांचा जान्सेन पुन्हां घसरगाडींत बसून आपल्या वेधशाळेंत राहावयास गेला. १८९५ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, तो तिसऱ्यांदा वर गेला.

वेधशाळेनें काय काम केलें? अपेक्षेच्या मानानें थोडें. महिनेच्या महिने आपोआप चालून हवेच्या नोंदी करणारें एक यंत्र तेथें ठेवलें होतें. तें त्या थंडींत वारंवार बंद पडे. हान्स्की नांवाच्या रशियन ज्योतिर्विदानें मात्र अनेकदां वर जाऊन सूर्यापासून पृथ्वीस किती उष्णता मिळते याचें मापन केलें, आणि तें काम नांवाजलें गेलें. इकडे बर्फ आपलें काम करीतच होता. १९०६ च्या सुमारास इमारत चांगलीच कलली. जॅक फिरवून ती थोडीबहुत सांवरली. २३ डिसेंबर १९०७ रोजीं जान्सेन वारला. १९०९ सालीं इमारतीखालींच भेग उघडूं लागली, आणि वेधशाळा सोडून द्यावी लागली. तिचा वरचा मनोरा तेवढा खालीं आणतां आला. तो शामोनीच्या संग्रहालयांत जपून ठेविला आहे.

या कथेला समांतर अशी दुसरी एक कथा त्याच डोंगरावर घडत होती. झाकोतेला जेथें मृत्यु आला, तें आश्रयस्थान झोझेफ व्हालो या शास्त्रज्ञानें बांधलेलें होतें. १८९० सालीं व्हालोनें माथ्याचा हट्ट सोडून सुमारें साडेचारशें मीटर खालीं, बर्फांतून वर आलेल्या एका खडकावर, आपली छोटी वेधशाळा उभारली. माथ्याहून थोडें कमी, पण पायाखालीं दगड! त्याची ही निवड शहाणपणाची होती यांत शंका नाहीं. व्हालोची वेधशाळा आजहि उभी आहे. परंतु येथेंहि एक बारकावा आहे. खडकावर असूनहि तिच्याभोंवतीं हिमाचे ढीग सांचूं लागले, आणि १८९८ सालीं व्हालोला ती हलवून जवळच्याच दुसऱ्या जागीं पुन्हां बांधावी लागली. म्हणजे पायाखालचा बर्फ टाळला, तरी वाऱ्याबरोबर येणारा बर्फ टळत नाहीं. वाऱ्याच्या वाटेंत अडथळा आला कीं, वारा मंदावतो आणि त्यानें उचलून आणलेलें हिम तेथेंच टाकतो. घर बांधणें हेंच घर गाडलें जाण्याचें निमंत्रण!

जान्सेनच्या योजनेंतील खरी चूक आम्हांस येथें दिसते. जॅक बसविण्याची कल्पना बरोबर होती. परंतु ज्या मजल्याला जॅकांनीं हलवावयाचें, तोच मजला त्यानें नांगर म्हणून बर्फांत पुरला. हलतें राहणें आणि रुतून बसणें या दोन गोष्टी एकाच इमारतीकडून त्यानें मागितल्या. कलणें त्याला थोडें दुरुस्त करतां आलें. साऱ्या इमारतीला उचलून वर काढणें मात्र शक्य झालें नाहीं.

हाच प्रश्न पुढें एका संबंध खंडाच्या प्रमाणावर उभा राहिला. तें खंड म्हणजे अंटार्क्टिका. तेथें शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षें राहावयाचें, आणि बहुतेक जमीन बर्फाखालीं. आपला देश या कामांत शिरला तो गोमंतकाच्या किनाऱ्यावरून. ६ डिसेंबर १९८१ रोजीं डॉ. सैयद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखालीं पहिली भारतीय तुकडी गोव्याहून निघाली. १९८३-८४ मध्यें डॉ. हर्ष गुप्ता यांच्या तुकडीनें 'दक्षिण गंगोत्री' हें पहिलें ठाणें उभारलें. तें समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर होतें. पुढें काय झालें असेल तें माँ ब्लाँची हकीकत वाचलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. ठाणें हिमांत गाडलें गेलें, आणि १९९० सालीं तें सोडावें लागलें. मात्र तत्पूर्वींच, १९८९ मध्यें, 'मैत्री' हें दुसरें ठाणें बर्फमुक्त खडकाळ प्रदेशांत उभें राहिलेलें होतें. आणि २०१२ सालीं उभारलेलें 'भारती' हेंहि खडकावर, खांबांवर उचलून, जहाजी मालाच्या १३४ पेट्या एकमेकींस जोडून केलेलें आहे. खांबांखालून वारा मोकळा वाहून जातो, हिम साठत नाहीं. आणि शामोनीच्या हमालांनीं जें शेंकडों ओझ्यांनीं केलें, तें येथें शंभरावर पेट्यांनीं केलें. म्हणजे आपण पहिल्या खेपेस जान्सेनच्या वाटेनें गेलों, आणि अनुभव घेऊन व्हालोच्या वाटेवर आलों. या साऱ्या कारभाराचें मुख्य केंद्र गोव्यांत वास्को येथें आहे, ही गोष्ट आपल्यांतील किती कुटुंबांस ठाऊक असेल?

परंतु व्हालोची वाट सर्वांस मोकळी नसते. इंग्रजांनीं १९५६ सालीं हॅली हें ठाणें अशाच तरंगत्या बर्फावर वसविलें, आणि तेथून जवळपास खडक नाहीं. पहिली इमारत गाडली गेली. १९६७ त दुसरी बांधली. ती गाडली गेल्यावर १९७३ त तिसरी, मग १९८३ त चौथी. पांचव्या इमारतीस त्यांनीं पोलादी पाय आणि जॅक दिले, आणि ती दरवर्षीं उचलून वर घेत. २०१३ मध्यें रीतसर उघडलेली सहावी इमारत तर आठ सुट्या खोल्यांची असून प्रत्येक खोलीचे पाय द्रवाच्या दाबानें वर-खालीं होतात आणि पायांच्या तळाशीं बर्फावरून घसरणाऱ्या पट्ट्या आहेत. हिम साठलें कीं, पाय एकेक करून वर घ्यावयाचा, त्याखालीं हिम भरून चोपावयाचें, आणि सारें घर वर चढवावयाचें. त्या बर्फांत मोठी भेग वाढत असल्याचें दिसतांच २०१६-१७ च्या हंगामांत हें सबंध ठाणें ओढून २३ किलोमीटर दूर नेलें! जान्सेनचे जॅक आणि जान्सेनची घसरगाडी, दोन्ही येथें एका इमारतींत आलीं. नांगर तेवढा गेला.

हॅलीच्या कथेंत आम्हांस यंत्रांहूनहि मोठी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. त्या ठाण्यावर १९५६-५७ पासून आकाशांतील ओझोन वायूचें मापन चालू होतें. एकामागून एक इमारती बर्फांत गेल्या. मापन थांबलें नाहीं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या त्या अखंड नोंदवह्या शेजारीं शेजारीं ठेवल्या, तेव्हां दक्षिण ध्रुवावरचा ओझोन दर वसंत ऋतूंत भयंकर घटत चालला आहे, हें फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांस दिसून आलें, आणि १९८५ सालीं त्यांनीं तें जगापुढें मांडलें. दोनच वर्षांनीं, १९८७ त, ओझोनचा नाश करणाऱ्या द्रव्यांना आळा घालणारा माँट्रियलचा आंतरराष्ट्रीय करार झाला. एखाद्या वर्षाच्या सुंदर मापनानें हें सिद्ध झालें नसतें. कंटाळवाणी, दररोजची, पिढ्यांमागून पिढ्यांनीं चालविलेली नोंद हवी होती.

आतां जान्सेनच्या अपयशाकडे पुन्हां वळून पाहावें. त्याची वेधशाळा सोळा वर्षें टिकली. हॅलीच्या पहिल्या चार इमारतींपैकीं पहिली तीन तितकींहि टिकलीं नाहींत. मग एकीला अपयश आणि दुसरीला यश कां म्हणावयाचें? आमचें उत्तर असें कीं, हॅलीच्या मागें इमारत गेली तरी दुसरी बांधणारी संस्था होती. माँ ब्लाँच्या माथ्यावरील वेधशाळेच्या मागें मुख्यतः एक मनुष्य होता. जो पाया रोज संभाळावा लागतो, त्याला संभाळणारे हात एका आयुष्यापुरते असून चालत नाहीं. जान्सेननें बर्फासाठीं जॅक केले. आपल्यामागें ते जॅक कोण फिरवील, याची तजवीज मात्र तो तितक्याच दक्षतेनें करूं शकला नाहीं.

हा बोध केवळ ध्रुवावरचा किंवा पर्वतावरचा समजूं नये. आपल्याकडे प्रयोगशाळांच्या कोनशिला मोठ्या समारंभानें बसतात. उद्घाटनाचे फोटो निघतात, देणगीदारांचीं नांवें संगमरवरांत कोरतात. दहा वर्षांनीं त्याच इमारतींत जावें, तों छत गळत असतें, तराजूवर धूळ बसलेली असते आणि नोंदवहीचीं पानें मध्येंच कोरीं असतात. आम्ही स्वतः अध्यापनाच्या कामांत आयुष्य घालविलेलें असल्यामुळें या पापाचे वांटेकरी आम्हीहि आहों. बांधण्यास पैसे मिळतात, संभाळण्यास मिळत नाहींत, ही सबब खरी आहे; पण ती पुरी खरी नाहीं. संभाळण्याच्या कामास आपण मनांतून मानच देत नाहीं. पायाखालीं खडक आहे, म्हणून निश्चिंत राहावें, अशी आपली समजूत. माँ ब्लाँचा बर्फ इतकेंच शिकवितो कीं, खडक असला काय आणि नसला काय, विज्ञानाची इमारत रोज थोडी थोडी कलतच असते, आणि रोज कोणीतरी तिचा जॅक फिरवावा लागतो.

विजयदुर्गचे ओटे अद्याप जागच्या जागीं आहेत. पुढच्या खेपेस आम्ही तेथें जाऊं, तेव्हां कथा सांगणाऱ्या त्या गृहस्थांस थांबवून लॉकियरशेजारीं जान्सेनचेंहि नांव घालावयास सांगणार आहों. दगडाच्या ओट्याला संभाळावें लागत नाहीं. त्याच्याविषयींच्या खऱ्या हकीकतीला मात्र संभाळावें लागतें.